तासगावजवळ पहिलं आरसी विमान: कोणतं घ्यावं, कुठे उडवावं, कसं शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत आहे, त्याला आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटने उडणारं) विमान, तेही दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग हे लढाऊ विमान हवंय, तुमची तयारी पंधरा हजारांपर्यंतची आहे, राहता तासगावजवळ, आसपास शिकवणारं कुणी नाही. आणि शेवटची ओळ, "शक्यतो पडणार नाही असं विमान सुचवा."

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण असं विमान नसतं. शिकताना विमान पडतंच. कधी वाऱ्यामुळे, कधी डावं-उजवं उलटं झाल्यामुळे, कधी बॅटरीची पिन नीट बसली नव्हती म्हणून. त्यामुळे पहिलं विमान निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: रविवारी मोडलेलं विमान पुढच्या रविवारपर्यंत घरच्या सामानात दुरुस्त होतं का? होत असेल तर पोरगं दोन-तीन महिन्यांत शिकतं. पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत विमान माळ्यावर पडून राहिलं, की हाताला लागलेलं वळण जातं आणि मग नादही सुटतो.

तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर माझं अर्धं उत्तर अवलंबून आहे. मुलाला कटर, पट्टी आणि ग्लू गन घेऊन दोन-चार संध्याकाळी बसायची आवड आहे का? असेल तर एक रस्ता, नसेल तर दुसरा. दोन्ही सांगतो, पण आधी मस्टँग का नको ते.

मस्टँगचे पंख खालून जोडलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले, आणि आकाराच्या मानाने वजन जास्त. वेग कमी झाला की अशा पंखाचं टोक आधी उचल सोडतं, एक बाजू झपकन खाली जाते आणि विमान गिरकी घेत जमिनीवर येतं. याला टिप स्टॉल म्हणतात. नवशिका नेमका उतरताना वेग कमी करतो, म्हणजे हे घडतं ते जमिनीपासून तीन-चार मीटरवर, सावरायला जागाच नसते तिथे. शिवाय ते वेगाने उडतं. दहा सेकंदांत शंभर मीटरपलीकडे जाऊन ठिपका होतं, आणि ठिपक्याचं तोंड कुठे आहे हे नवख्या डोळ्याला कळत नाही.

शिकण्याच्या विमानाची लक्षणं याच्या बरोबर उलटी. पंख वर बसवलेला, रुंदी सगळीकडे जवळपास सारखी, दोन्ही टोकं मधल्यापेक्षा थोडी उचललेली. अशा पंखाचं विमान कललं आणि तुम्ही रेडिओची, म्हणजे हातातल्या रिमोटची, स्टिक सोडली तर हळूहळू आपणहून सरळ व्हायला बघतं. दुकानदाराला एक हिशोब विचारा: उडत्या वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागलं तर किती येतं? समजा पंख १२० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झालं २४०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅम असेल तर दर चौरस डेसिमीटरला साधारण ३३ ग्रॅम पडतात. नवशिक्याला हा आकडा ४० च्या आत हवा. याच मापाच्या विमानात कुणी मोठी बॅटरी, कॅमेरा, दिवे घालून वजन १२०० ग्रॅमवर नेलं तर तो ५० होतो, आणि तेच गरीब विमान अचानक अंगावर यायला लागतं.

आता रस्ता पहिला. ईपीओ नावाच्या चिवट फोमचं तयार ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, पंख १.१ ते १.४ मीटर. यात मागून ढकलणाऱ्या मोटरची विमानं, म्हणजे इझीस्टार किंवा बिक्सलरच्या घाटाची, मला पहिल्या विमानासाठी जास्त पसंत आहेत. मोटर आणि तिचा फिरता पंखा (प्रॉपेलर) पंखांच्या मागे, वरच्या बाजूला असतो. नाक जमिनीवर आपटलं तर फोम चेपतो, पण पंखा, शाफ्ट आणि मोटर वाचते. चेपलेल्या ईपीओ नाकावर गरम पाणी ओता, कढत नको, फोम फुगून बराचसा जागेवर येतो. तडा गेला तर पाच मिनिटांचं इपॉक्सी किंवा फेविक्विक. मात्र हेच फेविक्विक थर्माकोलच्या विमानाला लावू नका, ते थर्माकोल खातं. जोडायला गेलात तिथे भोक पडेल. परदेशी साइटवरून पूर्ण तयार संच मागवायच्या फंदात पडू नका. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, आणि तुमचं विमान कुठल्या खात्यात मोडतं हा वाद कस्टमच्या माणसाशी घालण्यात मुलाची सुट्टी जायची. देशातल्या दुकानात जे मिळतं त्यातूनच निवडा.

रस्ता दुसरा, आणि मुलाला हाताचं काम आवडत असेल तर माझं मत याच बाजूला: फोमबोर्डचं स्वतः बांधलेलं विमान. फ्लाइट टेस्टसारख्या यूट्यूब चॅनेलवाल्यांचे आराखडे फुकट उतरवून घेता येतात. एका विमानाच्या शीटचा खर्च काही शेकड्यांत बसतो. मोटर, सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसिव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा) हे सगळं मोडक्या सांगाड्यातून काढून नव्यात बसवता येतं, म्हणजे चार वेळा विमान संपलं तरी इलेक्ट्रॉनिक्स तेच. ज्याने पंख स्वतः कापला आहे त्याला तो दुरुस्त करायची भीतीही वाटत नाही.

इथे एक घोळ हमखास होतो. सांगली-मिरजेच्या स्टेशनरी किंवा फ्लेक्सच्या दुकानात "सनबोर्ड" मागितलं तर त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी हातात पडतात. एक हलका, मधे फोम आणि दोन्ही बाजूंना कागद किंवा पातळ थर असलेला. दुसरा पूर्ण पीव्हीसीचा, पाटीसाठी वापरतात तो. दिसायला दोन्ही पांढरेशुभ्र. ओळखायचं वजनावरून: एक फूट बाय एक फूट तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरला तर तुमच्या कामाचा. दीडशेच्या घरात गेला तर तो पीव्हीसी, त्याचं विमान उडण्यापेक्षा फेकून मारायला बरं. निवडणुकीनंतर चौकाचौकात उरणारे पन्हळी प्लॅस्टिकचे बोर्ड, ज्यांना सनपॅक म्हणतात, तेही काही जण वापरतात. ते जवळपास तुटत नाहीत, पण वजन वाढतं. मी ते फक्त नाकाच्या आणि पोटाच्या पट्टीला वापरायला सांगतो.

बांधणार असाल तर एकाच धडावर बसतील असे दोन पंख करा. पहिला जास्त उचललेल्या टोकांचा, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) नसलेला. त्यावर रडर (शेपटीची डावी-उजवी वळवणारी पट्टी), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढंच. दुसरा कमी उचललेला, एलेरॉनवाला. रडरची वायर मात्र पहिल्या पंखासाठी रिसिव्हरच्या एलेरॉन चॅनलला लावा, म्हणजे वळायचं काम पहिल्या दिवसापासून उजव्या स्टिकवर राहतं आणि पंख बदलल्यावर हात नव्याने शिकवावा लागत नाही.

तिसराही एक रस्ता लोक सुचवतात, ४०-५० सेंटीमीटरचं जायरो (विमान आपोआप सावरणारा सेन्सर) असलेलं चिमुकलं विमान. शहरातल्या मैदानासाठी ठीक आहे. आपल्याकडच्या वाऱ्यात ते पतंगासारखं वाहत जातं, म्हणून तुम्हाला मी नको म्हणेन. मोठ्या विमानात जायरो असेल तर असू द्या, पण उडवण्याआधी एक तपासणी: विमान हातात धरून उजवा पंख झटकन खाली करा. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलायला बघतोय. वर गेला तर जायरो उलटा बसलाय, आणि तो विमानाला फेकताक्षणी पालथं करेल.

मोटर वगैरेचं गणित ८०० ग्रॅमच्या विमानासाठी असं: २२१२ मापाची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० बाय ४.५ इंची पंखा, चार ९ ग्रॅम सर्व्हो आणि ३ सेलची २२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. ही जुळणी साधारण विमानाच्या वजनाइतका जोर देते, शिकायला तेवढा पुष्कळ. दुकानात १००० केव्ही नसेल तर १४०० केव्ही हातात देतात. चालेल, पण मग पंखा ८ इंची घ्या. १४०० केव्हीला ३ सेलवर १० इंची लावला तर मोटर दोन मिनिटांत हात लावू देणार नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला ईएससी जाईल. पंखा बसवताना त्यावर छापलेले आकडे विमानाच्या नाकाच्या दिशेला हवेत, मोटर पुढे असो वा मागे. उलटा बसवला तरी तो फिरतो, वाराही देतो, पण जोर इतका कमी की विमान हातातून सुटून दहा पावलांवर बसतं आणि सगळे मोटरला दोष देतात. मोटरच उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा.

सगळ्यात जास्त पैसे रेडिओवर घाला. विमानं येतील-जातील, रेडिओ पाच-सात वर्षं राहतो. सहा चॅनलचा, २.४ गिगाहर्ट्झचा, मॉडेलची मेमरी असलेला घ्या. फ्लायस्काय आय६ हा या पैशात सर्रास मिळणारा. थ्रॉटल डाव्या हाताला असलेला, म्हणजे मोड २, हेच सांगून मागवा. पंधरा हजारांची वाटणी मी साधारण अशी करेन: रेडिओ-रिसिव्हर पाच हजारांच्या आसपास, दोन बॅटऱ्या आणि बरा बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) मिळून तेवढेच, उरलेल्यात मोटर, ईएससी, सर्व्हो, फोम, आणि चार-पाच जादा पंखे. भाव हलत राहतात, पण प्रमाण हेच धरा. सगळे पैसे तयार विमानात घालून एकाच बॅटरीवर मैदानात गेलात तर पस्तीस किलोमीटर गाडी चालवून दहा मिनिटं उडवणं होतं.

बॅटरीचं वेगळं सांगतो, कारण घरात धोका तिचाच आहे. लिपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणजे ३ सेलला १२.६. उतरल्यावर, थोडं थांबून मोजलं की प्रत्येक सेल ३.७ च्या खाली नसावा. ३ च्या खाली गेलेला सेल कामातून गेला समजा. चार्जिंग २.२ अँपिअरवर, बॅलन्सची पांढरी पिन लावूनच. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. चार्जिंग फरशीवर, शक्यतो मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात, आणि माणूस जागा असताना. गादीवर ठेवून क्लासला निघून जायचं नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टवर ठेवा. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅटरी विसरलात तर ती फुगते, आणि फुगलेली परत वापरायची नसते. ती संपवायला गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून मोकळ्या जागेत पूर्ण उतरवा, मग ई-कचऱ्यात द्या. विमानात बॅटरीला एक छोटा व्होल्टेज अलार्म लावा आणि रेडिओवर सुरुवातीला सात मिनिटांचा टायमर. तेवढ्यात बॅटरी साधारण अर्धी वापरलेली असते, दोन-तीन वेळा उतरायचा प्रयत्न फसला तरी पुरते.

विमान येईपर्यंत सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा सराव. पिकासिम मोबाइलवर फुकट आहे, पण काचेवर अंगठा घासून हात तयार होत नाही. रेडिओची केबल घेऊन कॉम्प्युटरला जोडा आणि रोज वीस मिनिटं, दोन-तीन आठवडे. त्यात कसरती करत बसू नका. एकच व्यायाम: विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना ते सरळ ठेवणं. विमान दूर जात असतं तेव्हा त्याचं उजवं आपलंही उजवं असतं. आपल्याकडे वळलं की सगळं आरशातल्यासारखं होतं आणि पहिले बरेचसे अपघात तिथेच होतात. याला एक युक्ती आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला न्या, जणू त्या पंखाखाली टेकू लावताय. डावं-उजवं आठवायची गरजच राहत नाही. हा टेकू विचार न करता लागायला लागला की मैदानात जा, आधी नको.

आता जागा. तासगावच्या आजूबाजूला द्राक्षबागा आहेत, त्यांचे अँगल आणि तारा. तारेवर पडलेलं फोमचं विमान सुरीने कापल्यासारखं दोन तुकडे होतं, आणि ऐन घडांच्या दिवसांत बागेत घुसून शोधाशोध करणं शेतकऱ्याला चालणार नाही, चालू पण नये. पलूस-वाळव्याकडे गेलात तर ऊस. पूर्वेकडे कवठे महांकाळ, जतच्या दिशेने पडीक माळ मोठे आहेत, तिकडची एखादी सकाळ काढा. कमीत कमी दोनशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशी जागा हवी, विजेच्या तारा नसलेली. ज्वारी काढलेलं रान लांबून सपाट दिसतं, पण धसकटं आणि ढेकळं यांनी पोट फाटतं. गवताळ माळ त्यापेक्षा बरा. मालकाला विचारा, आणि उतरायच्या जागेतले दगड आधी फिरून उचला. कवलापूरच्या जुन्या विमानतळाची जागा बघून मोह होतो, पण ती सरकारी आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. आणि जिथे पवनचक्क्या दिसतात तो डोंगरमाथा टाळा. वारा मोजून, अभ्यास करून मगच त्या तिथे लावलेल्या असतात. सातारकरांना हेच चाळकेवाडीच्या पठाराबद्दल. कासला फुलांसाठी जा. डोंगराच्या आडोशालाही फसू नका: वाऱ्याकडे पाठ असलेल्या उताराखाली हवा खाली दाबत आणि गिरक्या घेत येते. जमिनीवर शांत वाटतं, तीस मीटरवर विमान आपटल्यासारखं हलतं.

वेळ सकाळची, साडेसहा ते साडेआठ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखे. मार्चनंतर दहा वाजले की तापलेल्या रानातून हवा उसळायला लागते, वावटळी उठतात. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले की वळवाच्या आधीचा वारा कुठल्याही बाजूने येतो. जून ते सप्टेंबर सिम्युलेटर आणि बांधणी. वाऱ्याचा अंदाज झाडावरून घ्या: चेहऱ्याला वारा जाणवतो, पानं सळसळतात, इथवर उडवा, तो ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर चहा पिऊन परत या. तुमचं विमान ताशी पस्तीस-चाळीसने उडणार, वारा त्याच्या निम्म्यावर गेला की नवशिक्याचं विमान उडत नाही, वाहून जातं. रेडिओच्या अँटेनाला लोकरीचा एक धागा बांधा, वारा फिरला की लगेच दिसतो.

मैदानात जायच्या आदल्या रात्री, पंखा काढून ठेवून, तीन गोष्टी. पहिली, तोल. २० सेंटीमीटर रुंद पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट लावून विमान उचला. सपाट राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा, तरी भागलं नाही तर नाकात वजन घाला. नाक जड असलेलं विमान मरगळलेलं उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं. दुसरी, दिशा. विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. उलटा एलेरॉन घेऊन उडालेलं विमान वाचवायला माणसाकडे एक सेकंद असतो, तो पुरत नाही. तिसरी, फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ते. थ्रॉटल शून्यावर येईल असं लावा आणि रेडिओ बंद करून बघा. मोटर थांबलीच पाहिजे.

पृष्ठभाग किती हलावेत? एलिव्हेटर आणि एलेरॉन दोन्हीकडे १० ते १२ मिलिमीटर, पहिल्या दिवशी याहून जास्त नको. एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मधल्या भागातली हालचाल मवाळ करणारी सेटिंग, ३० टक्के. मेनूतला आलेख मधे चपटा दिसला पाहिजे. मधेच उभा चढत असेल तर अधिक-उणे चिन्ह उलटं झालंय आणि विमान हात लावताच उसळेल. मैदानात पोचल्यावर रेंज बघा: एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रेडिओ घेऊन ऐंशी-शंभर पावलं जायचं, सगळं हलतंय का बघायचं. उडवताना अँटेनाचं टोक विमानावर रोखू नका, त्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. ती आडवी ठेवा.

आणखी एक मैदानी वास्तव: विमान गाडीतून काढलं की दहा मिनिटांत वस्तीवरची पोरं जमतात, आणि विमान उतरलं की सगळी त्याच्याकडे धावतात. सुरू असलेला दहा इंची पंखा बोट कापतो. सुरुवातीलाच सगळ्यांना तुमच्या मागे उभं करा, आणि बॅटरी काढून हात वर केल्याशिवाय कुणी पुढे यायचं नाही हे सांगा. यासाठी एक मोठा माणूस लागतोच. ते काम तुमचं.

पहिलं उड्डाण. उन्हाकडे पाठ करता येईल अशी जागा घ्या. सकाळी पूर्वेला विमान गेलं की दिसेनासं होतं. फेकायचं काम तुम्ही करा, रेडिओ मुलाकडे. वाऱ्यात तोंड, थ्रॉटल तीन-चतुर्थांश, विमान पंखाखाली धरून भाल्यासारखं सपाट, नाक जेमतेम पाच-दहा अंश वर ठेवून ढकला. बहुतेक जण आकाशाकडे भिरकावतात. विमान वर जातं, वेग संपतो आणि पायाशी येऊन पडतं. मोटर मागे असलेल्या विमानात हात पुढे संपवून खाली घ्या, पंखा मागेच फिरतोय. सुटल्यावर थोडं डावीकडे कलेल, स्टिक हलकीच उजवीकडे द्यायची तयारी ठेवा. आता घाई न करता वर न्या, दोन नारळाच्या झाडांइतकं. लोक भीतीने खाली उडवतात, पण उंची म्हणजे सावरायला वेळ. मात्र दूर जाऊ देऊ नका, शंभर मीटरच्या आत.

वर गेल्यावर थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि स्टिक सोडून बघा. विमान एका बाजूला जात असेल तर ट्रिमने (स्टिकशेजारच्या छोट्या बटणाने) दुरुस्त करा, दर वेळी दोन-तीन टिकटिक. वळण असं: एलेरॉनने थोडं कलवा, स्टिक मधे आणा, एलिव्हेटर किंचित ओढा, वळून झालं की उलट एलेरॉनने सरळ. नवशिका एलेरॉन धरूनच ठेवतो, विमान कलत कलत नाक खाली टाकतं, घाबरून तो एलिव्हेटर ओढतो आणि भोवरा आणखी आवळतो. अशा वेळी क्रम लक्षात ठेवायचा: थ्रॉटल कमी, आधी पंख सपाट, मगच नाक वर. पहिल्या दिवशी फक्त मोठे चौकोन काढा, डावीकडून आणि उजवीकडून. एकाच बाजूने वळायची सवय लागली की दुसरी बाजू महिनाभर जमत नाही.

वाऱ्याबरोबर जाणारं विमान जमिनीवरून वेगात दिसतं. डोळे फसतात, हात थ्रॉटल कमी करतो, आणि हवेच्या मानाने आधीच हळू असलेलं विमान वळता वळता स्टॉल होतं. वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटल आवाजावरून ठेवा, दिसणाऱ्या वेगावरून नको.

उतरण्याचा सराव वरच करा: थ्रॉटल कमी करून बघा, विमान किती हळू होतं, कधी नाक सोडतं. मग लांबून, वाऱ्यात तोंड करून, उताराने येऊ द्या. येताना उंची थ्रॉटलने सांभाळा, नाक एलिव्हेटरने जेमतेम सपाट. अर्धा मीटर उरला की थ्रॉटल शून्य आणि एलिव्हेटर थोडा ओढा. कमी पडतंय असं वाटलं तर एलिव्हेटर ओढून ताणू नका, थ्रॉटल द्या आणि एक फेरी आणखी मारा. आणि आपटणारच असं दिसलं, तर शेवटचं काम थ्रॉटल शून्य. अडकलेल्या पंख्यावर मोटर चालू राहिली की ईएससी जळतो, फोमपेक्षा महाग पडतं.

माळ सोडून उसाजवळ उडवायची वेळ आलीच, तर पंखाखाली गडद पट्टे आणि वर केशरी किंवा लाल टेप लावा. हिरव्यात पांढरं विमान दिसतं असं वाटतं, पण पाचटात पांढरटच सगळं असतं. पडलं तर जिथे उभे आहात तिथून हलू नका. ज्या जागी ते दिसेनासं झालं तिच्यामागचं एखादं झाड, खांब, पाण्याची टाकी धरा, मोबाइलच्या होकायंत्राने दिशा टिपा, आणि दुसऱ्याला त्या रेषेत पाठवा. तुम्ही जागेवरून त्याला डावीकडे-उजवीकडे सांगा. दहा फूट उसात सरीतून चालताना चार पावलांवरचं विमान दिसत नाही. रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलला स्विचने वाजणारा छोटा बझर लावून ठेवला तर अर्धा तास वाचतो. आत जाण्याआधी मालकाला हाक मारा.

कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान मॉडेल गटात येतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या मंजुरीचं प्रमाणपत्र) लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या, धंद्यासाठी नसलेल्या वापराला रिमोट पायलटचा परवानाही लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा उघडून तुमची जागा हिरव्या भागात आहे का हे प्रत्येक नव्या जागेसाठी बघा. हिरव्यात १२० मीटरपर्यंत मुभा असते, शिकताना तुम्हाला त्याच्या निम्मीही लागत नाही. कराडकडच्या वाचकांनी जास्त काळजी घ्यावी, तिथल्या धावपट्टीवरून खरी विमानं उडतात.

आणि मस्टँग? ट्रेनरवर उजवीकडून आणि डावीकडून सलग दहा वेळा ठरवलेल्या वीस मीटरच्या पट्ट्यात उतरवता आलं, की एलेरॉनवाल्या मधल्या पंखाच्या एखाद्या विमानावर दोन महिने काढा, मग घ्या. रेडिओ, चार्जर आणि बॅटऱ्या तोवर तुमच्याकडे असतीलच. तोपर्यंत मुलाला हौस म्हणून ट्रेनरच्या शेपटीवर काळे-पांढरे पट्टे रंगवू द्या, फक्त रंग पातळ लावायला सांगा. शेपटीवरचे दहा ग्रॅम म्हणजे नाकात तीस-चाळीस ग्रॅम वाढवावे लागतात.